परमुलखातला मास्तर

(मालवण येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



६ जुलै १८३७ रोजी या मालवणात एका कारकुनाच्या घरी मुलगा झाला. तो रत्नागिरीला शिकला, मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये गेला आणि पुढे रामकृष्ण गोपाळ भांडारकर या नावानं युरोपातल्या पंडितांत ओळखला जाऊ लागला. गॉटिंगेन विद्यापीठानं १८८५ साली त्यांना डॉक्टरेट दिली. दुसऱ्याच वर्षी ते व्हिएन्नाला प्राच्यविद्या परिषदेला गेले. पुण्यात त्यांच्या नावाची संस्था आहे, म्हणून पुष्कळ लोक त्यांना पुण्याचेच समजतात. पुणेकरांनी ही समजूत दुरुस्त करण्याची घाई केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आजचा विषय मात्र भांडारकर नाहीत. परमुलखात राहणाऱ्या आणि तिथे शिकवणाऱ्या माणसानं तिथल्या लोकांचा मान राखावा म्हणजे नेमकं काय करावं, हा आहे. आपल्या घराघरातून माणसं बाहेर जातात. कोणी जहाजावर, कोणी आखातात, आणि आता शिकवायलाही: शाळांत, विद्यापीठांत, मराठी मंडळांच्या रविवारच्या वर्गांत. निघताना त्यांना उपदेश मिळतो तो ठरलेला. जपून राहा, त्यांच्या चालीरीती पाळ, वाद घालू नकोस, खाल्लेल्या मिठाला जाग. उपदेश वाईट नाही, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा शोधायचा तर मला भांडारकरांच्या दारात आलेल्या एका मुलाची गोष्ट सांगितली पाहिजे.

मुलगा गोव्यातल्या सांखवाळचा. जन्म ९ ऑक्टोबर १८७६. शिक्षण म्हणाल तर मराठी चार बुकं, घरच्या माडांची देखभाल, लहान वयात लग्न. ‘बालबोध’ मासिकातला बुद्धावरचा लेख वाचून त्याच्या डोक्यानं घेतलं की हा धर्म मुळातून शिकायचा. १८९९ मध्ये त्यानं घर सोडलं. पुण्यात भांडारकरांकडे आला, तिथून ग्वाल्हेर, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकला. मग बुद्धाचा माग काढत नेपाळ, गया आणि १९०२ मध्ये कोलंबो. हे धर्मानंद कोसंबी. त्यांचा मुलगा दामोदर, म्हणजे इतिहासकार डी. डी. कोसंबी, आज जास्त ओळखीचा आहे. वडिलांचं ‘निवेदन’ हे आत्मकथन आमच्या पिढीत तरी घरोघर होतं.

कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात हिक्कडुवे सुमंगल नावाचे थोर स्थविर होते. कोसंबी त्यांच्याकडे श्रामणेर झाले, चीवर घेतलं. या टप्प्यावर जरा थांबतो, कारण पुढच्या साऱ्या गोष्टीचं मूळ इथे आहे. काशीत शास्त्र्यांच्या पायाशी बसलेला, संस्कृत येणारा हा ब्राह्मण कोलंबोत गेला आणि पुन्हा बिगरीत बसला. पाली भाषेला स्वतःची लिपी नाही. सिंहलद्वीपात ती सिंहली अक्षरांत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या अक्षरांत. तेव्हा आधी अक्षरं गिरवणं आलं. संघाचा रिवाज असा की तिथे वय मोजत नाहीत, दीक्षेची वर्षं मोजतात. पंचविशीतला माणूस काल आला असेल तर दोन वर्षांपूर्वी आलेल्या पोराच्या खाली बसतो. दुपारी बारानंतर जेवण नाही. हवा मानवत नाही, अन्न मानवत नाही. ज्या जातीत सोवळ्याओवळ्यावरून मठांचे आणि घरांचे तट पडत, त्या जातीतला माणूस दारोदार मिळेल ते पात्रात घेऊन जेवायला शिकला.

याला आपण त्याग म्हणतो आणि हात जोडून मोकळे होतो. मला त्यात त्यागापेक्षा अभ्यासाची शिस्त दिसते. पाली ग्रंथ पुस्तकातूनही शिकता आले असते. १८८१ मध्ये स्थापन झालेली लंडनची पाली टेक्स्ट सोसायटी ते रोमन लिपीत छापत होती. कोसंबींना ग्रंथाबरोबर तो ग्रंथ जगणारी माणसंही हवी होती. ब्रह्मदेशातही ते असेच राहिले. सात वर्षांनी, १९०६ मध्ये परतले तेव्हा त्यांच्याजवळ एकही पदवी नव्हती, पण दोन देशांच्या गुरुपरंपरा आणि दोन लिपी होत्या.

त्या सात वर्षांची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. घर सोडलं तेव्हा पहिली मुलगी नुकतीच जन्मली होती. पत्नी बाळाबाई मागे राहिल्या. सिंहलद्वीपात अनोळखी भिक्षूंचा मान राखणारा हा माणूस घरच्या माणसांशी त्या काळात कसा वागला, याचं उत्तर कोणत्याही गौरवग्रंथात समाधानकारक मिळत नाही. परदेशी गेलेल्यांचे सत्कार करताना मागे राहिलेल्यांना आपण पहिल्या रांगेत खुर्ची देतो, तेवढ्यावर भागवतो. असो.

कलकत्त्यात कोसंबी पाली शिकवू लागले. पण मराठी मुलखात हे ज्ञान यावं ही तळमळ होती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महाराष्ट्रात राहून लिहिण्यासाठी महिना ५० रुपये देऊ केले, तेव्हा कलकत्ता सोडून ते इकडे आले. याच सुमारास हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्याशी त्यांची गाठ पडली आणि १९१० मध्ये सांखवाळचा बिनपदवीचा माणूस अमेरिकेत केंब्रिजला पोचला.

काम काय होतं? पाचव्या शतकात बुद्धघोषाचार्यांनी सिंहलद्वीपात लिहिलेला ‘विसुद्धिमग्ग’ हा पाली ग्रंथ. बौद्धांच्या शील, समाधी, प्रज्ञा या मार्गाचा तो कोशच म्हणा. हेन्री क्लार्क वॉरन नावाच्या अमेरिकन पंडितानं त्याची चिकित्सक आवृत्ती करायला घेतली होती. वॉरन लहानपणीच्या अपघातानं अपंग झालेला, पैशानं संपन्न, मनानं त्याहून. हार्वर्ड ओरिएंटल सीरीज ही ग्रंथमाला त्याच्या पैशावर उभी राहिली. १८९९ मध्ये, कोसंबींनी घर सोडलं त्याच साली, तो वारला आणि काम अर्धवट राहिलं. ग्रंथमालेचे संपादक चार्ल्स लॅनमन हे वॉरनचे मित्र. तेही कसलेले पंडित. १८८९ मध्ये हिंदुस्थानात येऊन त्यांनी हार्वर्डसाठी शेकडो हस्तलिखितं नेली होती. त्यांना वॉरनचं काम पूर्ण करायचं होतं, आणि त्यासाठी सिंहली अन् ब्रह्मी पोथ्या अडखळल्यावाचून वाचणारा, शिवाय वाक्याचा अर्थ परंपरेनं काय लावतात हे जाणणारा माणूस हवा होता. कोलंबोत गिरवलेली अक्षरं अशी केंब्रिजला उपयोगी पडली.

आणि तिथेच भांडण झालं.

भांडण नावावरून होतं. ग्रंथाच्या पहिल्या पानावर कोणाचं नाव कोणत्या नात्यानं छापायचं? वॉरन तर गेलेला. पाठ ठरवायचे, चुका काढायच्या, अवतरणं शोधायची हे रोजचं काम कोसंबींचं. लॅनमनना त्यांचं नाव दुय्यम ठिकाणी हवं होतं. कोसंबींना ते मान्य झालं नाही. पटलं नाही तसं त्यांनी सांगितलं आणि १९१२ मध्ये काम तसंच ठेवून ते परत आले.

आता आपल्या त्या अर्ध्या उपदेशाला विचारा. तो म्हणेल, चुकलंच. यजमानानं बोलावलं, पगार दिला, आणि हा पाहुणा नावासाठी अडून बसला? बुद्धाचा अनात्मवाद शिकवणाऱ्या माणसाला स्वतःच्या नावाचा एवढा सोस? हा प्रश्न मीही पुष्कळ दिवस मनात घोळवला आहे. माझं मत असं झालं आहे की कोसंबींनी तिथे मान राखला, आणि दोन्ही बाजूंचा राखला. मुकाट्यानं सही करणाऱ्यानं लॅनमनना मोठं मानलं नसतं, नुसतं वरचं मानलं असतं. एका पंडितानं दुसऱ्या पंडिताला समोरासमोर ‘हे न्याय्य नाही’ म्हणणं हे बरोबरीचं बोलणं आहे. लॅनमनचीही एक बाजू होतीच. तो एका मेलेल्या मित्राचं नाव जपत होता, आणि त्या निष्ठेला मी नावं ठेवणार नाही. पण मेलेल्याचं नाव जपताना जिवंताचं पुसलं जातं की काय, हे बघण्याची जबाबदारी यजमानाची असते.

भांडण झालं म्हणून दार बंद झालं नाही, ही यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. १९१८ मध्ये हार्वर्डनं पुन्हा बोलावलं, कोसंबी गेले, १९२२ पर्यंत राहिले. मुलांनाही नेलं, मुलगी माणिकनं रॅडक्लिफमधून पदवी घेतली, दामोदर तिथल्या शाळेत वाढला. लॅनमन निवृत्त झाल्यावर १९२६ मध्ये ते तिसऱ्यांदा गेले आणि काम हातावेगळं करून आले. पुस्तक मात्र छापलं जाईना. शेवटी १९४० मध्ये त्यांनी मुंबईत भारतीय विद्या भवनातर्फे ‘विसुद्धिमग्ग’ नागरी लिपीत स्वतःच्या नावानं काढला, म्हणजे आपल्या माणसांनाही वाचता यावा. हार्वर्डची आवृत्ती निघाली १९५० मध्ये. तिच्या मुखपृष्ठावर संपादक म्हणून वॉरन आणि सुधारून सिद्ध करणारे म्हणून धर्मानंद कोसंबी अशी दोन नावं आहेत. ते बघायला कोसंबी नव्हते. ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला त्यांनी उपोषणानं देह ठेवला होता.

मधल्या काळात, १९१२ ते १९१८, ते फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. मुंबई विद्यापीठात पालीला जागा मिळाली ती भांडारकरांच्या पाठबळानं. मालवणच्या माणसानं दार उघडलं आणि सांखवाळचा माणूस आत जाऊन शिकवू लागला, असं म्हणायला आपल्याला हरकत नाही; थोडी फुशारकी मारायला व्याख्यानमाला असतातच. त्यांचे विद्यार्थी पु. वि. बापट पुढे स्वतः हार्वर्डला गेले आणि ‘विसुद्धिमग्गा’ची ‘विमुत्तिमग्ग’ या चिनी भाषांतरात उरलेल्या ग्रंथाशी तुलना करून आले. हा धागा असा लांबत गेला.

नावाचा हा प्रश्न अमेरिकेतलाच आहे असं समजू नका. तो आपल्या घरात त्याआधीपासून होता, आणि तेव्हा परका मास्तर आपल्याकडे आला होता. भांडारकरांचीच हकिगत घ्या. एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतच्या प्राध्यापकाचं काम त्यांनी हंगामी म्हणून केलं होतं, उत्तम केलं होतं. कायमची नेमणूक करायची वेळ आली तेव्हा १८७३ मध्ये विलायतेहून पीटर पीटरसन आले आणि भांडारकर त्यांच्या खाली राहिले. संस्कृत शिकवायला विलायतेहून माणूस! भांडारकरांना डेक्कन कॉलेजात प्राध्यापकी मिळाली ती तिथले प्राध्यापक कीलहॉर्न जर्मनीला परत गेल्यावर. यावर कोणी म्हणेल, मग हे पीटरसन उद्दाम असणार. तसंही नाही. १८८६ साली त्यांनी वल्लभदेवाची ‘सुभाषितावलि’ संपादून काढली, तेव्हा मुखपृष्ठावर आपल्या नावाशेजारी पंडित दुर्गाप्रसादांचं नाव घातलं. नेमणूक अन्यायाची होती. त्या नेमणुकीवर आलेला माणूस पंडिताचं नाव लिहायला विसरला नाही. एकाच माणसाच्या हिशेबात दोन्ही नोंदी आहेत, आणि त्या एकमेकींत वजा करता येत नाहीत.

कीलहॉर्न १८६६ मध्ये पुण्याला आले. पतंजलीच्या महाभाष्याची त्यांची आवृत्ती आजही वापरात आहे. पण पुण्यात येऊन प्राध्यापकाच्या खुर्चीत बसल्यावर ते अनंतशास्त्री पेंढरकरांकडे व्याकरण वाचायला गेले. म्हणजे कॉलेजात ते गुरू आणि शास्त्रीबुवांसमोर विद्यार्थी. अशा माणसानं आपल्याला शिकवलं तर मला त्याचं परकेपण टोचत नाही.

याउलट मोल्सवर्थचा कोश बघा. १८३१ चा तो मराठी-इंग्रजी कोश मी रोज उघडतो, आणि त्याचे उपकार कधी फिटणार नाहीत. त्याच्या आधी दोनच वर्षं, १८२९ मध्ये, शास्त्रीमंडळींनी केलेला मराठी कोश छापून निघाला होता. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखाराम जोशी, दाजीशास्त्री शुक्ल, परशुरामपंत गोडबोले. ही सहा नावं या सभागृहात किती जणांनी ऐकली आहेत? हात वर करायला सांगत नाही, अवघड जाईल. मोल्सवर्थचं नाव सगळ्यांना ठाऊक. ही चूक एकट्या मोल्सवर्थची नाही. पावणेदोनशेहून अधिक वर्षं आपणच ती नावं घेतली नाहीत.

मघाशी मी भाषा शिकण्याबद्दल बोललो, तेव्हा काहींच्या मनात आलं असेल की तिथली भाषा शिकली की झालं. तर गोव्यातलंच उदाहरण देतो. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि साष्टीत राहिला. त्याचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. ओवीत लिहिलेलं, मराठीवर असं प्रेम करणारं की आपल्यातल्या पुष्कळांना लाज वाटावी. कोकणीचं व्याकरणही त्यानं लिहिलं. भाषेचा मान कोणी राखला असेल तर त्यानं. पण ज्या साष्टीत हे घडलं त्याच साष्टीत त्या शतकात देवळं पाडली गेली. कोसंबींच्या सांखवाळचा लक्ष्मी-नरसिंह तिथून हलवून वेलिंगला न्यावा लागला. तो आजही वेलिंगलाच आहे. स्टीफन्सनं हातात कुदळ घेतली नव्हती. पण ज्या राजसत्तेच्या आश्रयानं तो शिकवत होता तिच्या हातात ती होती. तेव्हा मास्तर किती छान आपली भाषा बोलतो यावर मी भुलत नाही. त्याच्या पाठीमागे कोण उभं आहे आणि ऐकणाऱ्याला ‘नको’ म्हणण्याची मोकळीक आहे का, ते आधी बघावं लागतं. कोसंबींच्या पाठीमागे कोणीच उभं नव्हतं. गुलाम देशाचा, पदवी नसलेला माणूस. त्याचा विनय आणि त्याचा हट्ट, दोन्ही त्याचे स्वतःचे होते.

अशीच एक बाई होती. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तिथे ख्रिस्ती झाल्या, चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकता शिकता संस्कृत शिकवू लागल्या. पुरुष विद्यार्थ्यांनाही त्यांनी शिकवावं असा विचार निघाला तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली: बाईनं पुरुषांना शिकवलं तर तिकडे लोक काय म्हणतील! म्हणजे इंग्लंडमधल्या वर्गावर पहारा हिंदुस्थानातल्या लोकलाजेचा, आणि तो बसवणारे इंग्रज. रमाबाईंनी पत्रांतून जे सुनावलं ते आजही वाचवत नाही इतकं धारदार आहे. धर्म घेतला म्हणून सद्सद्विवेक गहाण टाकलेला नाही, असा त्यांचा पवित्रा होता. पुढे अमेरिकेवर त्यांनी १८८९ मध्ये पुस्तक लिहिलं. त्या देशाचं भरभरून कौतुक केलं, आणि काळ्या लोकांशी तिथे होणारं वागणंही लिहिलं. पाहुणी म्हणून गेली आणि डोळे घरी ठेवून गेली नाही.

पांडुरंग खानखोजे यांचा उल्लेख न करता पुढे जाता येत नाही, पण धावता करतो. वर्ध्याकडचा हा क्रांतिकारक फिरत फिरत मेक्सिकोत पोचला आणि चापिंगोच्या शेतकी विद्यालयात प्राध्यापक झाला. शिकवायचा काय, तर मका. मक्याच्या माहेरी जाऊन. हे धाडसाचं वाटतं, पण त्यानं वर्गाबाहेर शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या आणि त्यांच्याच वाणांवर काम केलं. डिएगो रिव्हेरासारख्या चित्रकारानं त्याला भित्तिचित्रात भाकरीच्या पंगतीला बसवलं. परक्या मास्तराला यजमानानं दिलेली एवढी मोठी पावती मला दुसरी माहीत नाही.

आता आपल्याकडे येतो. बाहेर जाऊन शिकवणारा मराठी माणूस आज कोसंबींइतका दुबळा नाही. पासपोर्ट आहे, पगार आहे, मंडळ आहे. त्याच्यापुढचा धोका वेगळा आहे, आणि तो आपल्याला इथे गणपतीत बघायला मिळतो. मुंबईचा चाकरमानी चार दिवसांसाठी गावी येतो आणि पहिल्याच संध्याकाळी ओसरीवर बसून गावाला गाव समजावून सांगतो. आरती कशी म्हणावी, विहीर कुठे खणावी, रापण कशी ओढावी. ‘तुमका काय कळणा नाय’ हे त्याचं पालुपद. गाव ऐकून घेतं, कारण पाहुणा आहे आणि फटाक्यांचे पैसे त्यानं दिलेत. परदेशी वर्गात उभा राहिलेला आपला मास्तर पुष्कळदा नेमका या ओसरीवर असतो. आमची संस्कृती प्राचीन, आमच्याकडे हे आधीच होतं, तुमच्याकडे कुटुंब नाही. समोरचे शिष्टाचारानं ऐकतात. त्याला वाटतं आपण पटवलं.

दुसरा एक प्रकार याच्या उलट आहे, आणि मला तो जास्त खुपतो. घरचं सगळं वाईट म्हणून यजमानाची मर्जी राखणारा. आपल्या लोकांवर विनोद करून वर्ग हसवायचा आणि स्वतःला त्यांतून सोडवून घ्यायचं. इथे कोसंबींचं १९२९-३० चं साल आठवावं. ते लेनिनग्राडला पाली शिकवायला गेले. बोलावणारे श्चेरबात्स्की, हा रशियन पंडित स्वतः १९१०-११ मध्ये हिंदुस्थानात येऊन, मुंबईत राहून, पंडितांकडे न्यायशास्त्र शिकून गेलेला. तेव्हा तिथे शिकणं-शिकवणं दोन्ही बाजूंनी होतं. पण थंडी सोसेना, आणि इकडे देश पेटत होता. कोसंबी परतले आणि मिठाच्या सत्याग्रहात उतरले. कुठे, तर आपल्या शिरोड्याला. पुढे विलेपार्ल्याच्या छावणीचं काम, ठाण्याचा तुरुंग. सुटल्यावर १९३१ मध्ये पुन्हा हार्वर्ड. म्हणजे हा माणूस बाहेर देशाची वकिली करत फिरला नाही आणि निंदाही करत फिरला नाही. देशाशी जे भांडण होतं ते देशात येऊन केलं. जातिभेदावर, अहिंसेवर, बुद्धाच्या गृहत्यागावर त्यांनी मराठीत लिहिलं, मराठी माणसांचा राग ओढवून घेतला. शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या पाण्याच्या तंट्याचा गृहत्यागाशी जोडलेला त्यांचा विचार आपल्याकडे आधी खपला नाही. तो त्यांनी बोस्टनच्या दिवाणखान्यात टाळ्या मिळवायला मांडला नव्हता.

शेवटचा मुद्दा यजमानपदाचा. आपण नेहमी जाणाऱ्याच्या बाजूनं बोलतो, कारण आपली मुलं जातात. पण कोकणातली बंदरं आता घेतातही. पहाटे कोणत्याही बंदरात ट्रॉलर लागतो तेव्हा बघा. तांडेल इथला, पण जाळं ओढणारे, मासळी निवडणारे, बर्फ टाकणारे हात पुष्कळदा नेपाळचे. ज्या नेपाळात कोसंबी बुद्धाला शोधत गेले, तिथला माणूस समुद्र नसलेल्या मुलखातून येऊन आपल्या समुद्रावर काम करतो. तो आपल्याला शिकवायला आलेला नाही, हे खरं. पण मासळीच्या हंगामात त्याच्याकडून काही शिकण्यासारखं आहे असं आपल्या मनातही येत नाही, हेही खरं. हॉटेलांतून तेच. त्याला हाक मारायची ती ‘बहादूर’. दुसराही बहादूर, तिसराही बहादूर. मुखपृष्ठावर नाव दुय्यम छापायचं घाटत होतं म्हणून कोसंबी हार्वर्ड सोडून आले याचा आपल्याला अभिमान वाटतो. इथे नावच घेत नाहीत.

काहींची मुलं आता आपल्या शाळांत येतात. मराठी शिकतात, आणि मुलं ती लौकर शिकतात. मालवणी तर त्याहून लौकर, कारण ती मैदानावर शिकायची असते. या श्रोत्यांत शाळेतले शिक्षक बरेच दिसतात, म्हणून विचारतो: त्या मुलाला कधी वर्गापुढे उभं करून त्याच्या डोंगरातलं गाव, नदी, पेरणी सांगायला लावलं आहे का? हजेरीपटावर त्याच्या बापाचं पूर्ण नाव आहे, की कंत्राटदारानं सांगितलं ते?

वेळ संपत आली आहे, अध्यक्षांनी घड्याळ दोनदा पाहिलं. ‘विसुद्धिमग्गा’तल्या शीलाच्या प्रकरणाबद्दल बोलायचं राहिलं; ते कोणी विचारलं तर प्रश्नोत्तरांत सांगेन. नगर वाचन मंदिरात ‘निवेदन’ची प्रत असेल तर ती उद्या कोणीतरी घरी न्यावी.